मशीनवरची तारीख

शनिवारी सकाळी नऊ वाजता सिग्नेच्या स्वयंपाकघरातला फोन एकदाच वाजला आणि कोपऱ्यातल्या मशीननं तो उचलला. शिट्टी, मग खरखर, मग शांतता. सिग्ने कॉफीचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. नऊला कोणाचं मशीन बोलतंय? सकाळच्या देवाणघेवाणीची वेळ सहा ते आठ. ती तिनंच ठरवून दिली होती, आणि ती पाळली नाही तर सगळ्या इलाख्याला फटकारणारीही तीच होती.

पडद्यावर नाव आलं: हॅल्वर रोस्टाड, नोर्दाल. म्हणजे तिचे वडील.

तिला आधी हसूच आलं. बाबा नऊला! शिस्तीवर मला व्याख्यान देणारा माणूस! मग तिनं मशीनवर आलेलं मजकुराचं गाठोडं उघडलं. आत नवा मजकूर काहीच नव्हता. हॅल्वर रोस्टाड कधी काही न लिहिता गाठोडं पाठवत नसे. हवा, गहू, पाद्रीबुवांचं लांबलेलं प्रवचन, काही ना काही तक्रार असायचीच. आज फक्त मशीननं आपणहून घातलेली वरची ओळ होती, आणि त्या ओळीत तारीख होती, २ जानेवारी १९८०.

साल होतं अठ्ठ्याऐंशी, महिना फेब्रुवारी.

वाचणाऱ्यानं इथं जरा माझ्याबरोबर थांबावं, कारण हा कारभार आता कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. तेव्हा गप्पांचे फलक लोकांच्या घरातल्या साध्या संगणकावर चालायचे. घरात एक फोन, त्याच फोनला मशीन जोडलेलं. लोक फोन लावून त्या फलकावर आपलं म्हणणं लिहायचे, आणि पहाटे एका गावाचं मशीन दुसऱ्या गावच्या मशीनला फोन करून दिवसभराचं बोलणं पोचवायचं. अशा रीतीनं नोर्दालच्या शेतकऱ्याचं रडगाणं चार दिवसांनी टेक्सासमध्ये वाचलं जायचं आणि तिथला कोणीतरी त्याला शहाणपण शिकवायचा. लांबच्या फोनला पैसे पडत, म्हणून पहाटे. दर तेव्हा उतरलेले असत.

पण सिग्नेच्या इलाख्यात, म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर डकोटात, पूर्वी सगळाच सावळागोंधळ होता. ज्याला वाटेल तो वाटेल त्याला फोन करायचा. तीन-तीन जण मिनियापोलिसच्या मोठ्या केंद्राहून तेच बोलणं आणायचे आणि एकमेकांना पुन्हा वाटायचे. एकच विनोद फिरून फिरून तीनदा यायचा. बिलं बघून बायका नवऱ्यांना विचारायच्या की मिनियापोलिसला तुमचं कोण आहे. शेवटी सिग्नेनं, जी एका शाळेच्या कचेरीत वेळापत्रकं लावत असे आणि जिला असला गबाळेपणा डोळ्यांनी बघवत नसे, इलाख्यातल्या सगळ्या फलकवाल्यांना ब्रेकन गावच्या चर्चच्या तळघरात बोलावलं. कॉफी होती, लिंबाच्या वड्या होत्या, आणि भिंतीवर सिग्नेनं काढलेला नकाशा होता. मिनियापोलिसला फोन करणार एकटी सिग्ने. बाकीच्यांनी तिला करायचा, ज्यानं त्यानं आपल्या नेमून दिलेल्या मिनिटाला. ईशान्येच्या गावांचं एक उपकेंद्र, पश्चिमेच्या गावांचं एक. एका गावाला एकच वाट. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा.

लोकांनी कुरकुर केली, वड्या खाल्ल्या, आणि मान डोलावली. एकटा मिलो क्रेब्स उठून उभा राहिला.

मिलो म्हणजे हॅल्वरचा शेजारी. शेजारी म्हणजे मध्ये चार मैल नुसता गव्हाचा माळ. दोघांचे फलक एकमेकांना थेट जोडलेले होते, आणि नेमकी तीच जोडणी सिग्नेच्या नकाशात लाल रेघेनं खोडलेली होती.

"मिलोकाका, तुमचं गाव ईशान्येच्या केंद्रात जातं," सिग्नेनं समजावलं. "बाबांचं माझ्याकडे. मध्ये तुमची दोघांची वाट उघडी राहिली, तर सगळं बोलणं गोल फिरतं आणि दोनदा येतं."

"येऊ दे की दोनदा! चांगला विनोद असला तर मी दोनदा हसतो."

"प्रश्न विनोदाचा नाही, काका."

"मग कशाचा आहे? चार मैलांवर माझा मित्र राहतो, आणि त्याला 'काय रे' म्हणायला माझं पत्र शंभर मैल हिंडून येणार? कोणी शिकवली तुला ही अक्कल?" मिलोनं टोपी डोक्यावर आपटली. "हॅल्वर, तू बोल काहीतरी!"

हॅल्वर काही बोलला नव्हता. पोरीनं एवढा मोठा नकाशा काढलाय, तर आपण चारचौघांत तिला तोंडघशी कशाला पाडायचं, असं त्याला वाटलं असणार. मिलो निघून गेला. वाट मात्र त्यानं सिग्नेच्या नकाशाप्रमाणेच धरली, कारण दुसरी उरलीच नव्हती. सिग्नेशी तो त्यानंतर शब्दानं बोलला नाही.

आणखी एक गोष्ट सिग्नेनं केली होती, आणि कॉफीचा कप धरून उभी असताना तीच आता तिला आठवली.

त्या काळच्या संगणकाला वीज गेली की काळवेळ राहत नसे. वीज परत आली की तो स्वतःला नवजात समजायचा. १ जानेवारी १९८०, मध्यरात्रीचे बारा. मग तो थांबून विचारायचा, आज तारीख काय? कोणीतरी येऊन तारीख घालेपर्यंत जागचा हलायचा नाही. हॅल्वर मोठ्या इमानानं घालायचा. चष्मा लावून, एका बोटानं. पण नोर्दालला वीज सारखी जाते, म्हाताऱ्याला उठायला उशीर झाला की त्याचं नेमून दिलेलं मिनिट हुकतं आणि मागच्या सगळ्यांची रांग मोडते. म्हणून गेल्या शरद ऋतूत सिग्नेनं वडिलांच्या मशीनमधून तो प्रश्नच काढून टाकला. वीज आली की मशीन आपलं आपण सुरू होणार, आपलं आपण फोन करणार. फोन आला तर पहिल्या घंटेला उचलणार, म्हणजे इतरांचा वेळ फुकट जायला नको.

"मग माझं काम काय उरलं?" हॅल्वरनं विचारलं होतं.

"काही नाही, बाबा. तुम्ही निवांत झोपा."

हे तिचेच शब्द तिला आता ऐकू आले.

मशीन सुरू होऊ दे आपलं आपण. पण हॅल्वर रोस्टाड सकाळी उठून पडद्यावर चुकीची तारीख बघेल आणि ती तशीच ठेवेल? भिंतीवरचं कॅलेंडर एक दिवस मागे राहिलं तर जेवण न जाणारा माणूस तो. आणि तारखेत एक नव्हता, दोन होता. म्हणजे मशीन परत सुरू होऊन एक अख्खा दिवस उलटला होता. तिनं कालचं, शुक्रवारचं गाठोडं काढलं. तेही नऊलाच आलेलं, ती शाळेत असताना. तारीख, १ जानेवारी १९८०. मजकूर नाही. तिच्या मशीननं ते निमूटपणे घेतलं होतं, मिनियापोलिसचं बोलणं बदल्यात दिलं होतं, आणि संध्याकाळी सिग्नेनं पाहिलं तेव्हा यादीत नोर्दालपुढे आल्याची खूण होती. सगळं व्यवस्थित म्हणून ती झोपली होती.

हिमवादळ बुधवारी सुरू झालं होतं. गुरुवारी संध्याकाळी अर्ध्या जिल्ह्याची वीज गेली होती.

तिनं वडिलांचा नंबर फिरवला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"बाबा!"

शिट्टी. कानात सुई घालावी तशी.

साहजिकच होतं. त्या खुळ्या मशीनच्या हिशोबानं आत्ता सकाळचे सहा वाजून गेले होते. सहा ते सात नोर्दालचा फोन फक्त मशीनसाठी, माणसासाठी नाही, हा नियमही तिचाच. आपल्याकडे दहा वाजेपर्यंत त्या घरात फोन वाजणारसुद्धा नव्हता. बाबा फोनपाशी बसून वाट बघत असले तरी त्यांना कळणार नव्हतं की मुलगी फोन करतेय. तिनं तरीही पुन्हा फिरवला. पुन्हा शिट्टी. तिसऱ्यांदा फिरवताना तिला रडू फुटलं आणि तिनं स्वतःलाच दटावलं.

मग शेरिफच्या कचेरीत. तिथली बेव तिच्याच वर्गातली.

"बेव, बाबांचा पत्ता लागत नाही."

"फोन बंद आहे का?"

"नाही गं. मशीन उचलतंय."

"मग कोणीतरी आहे ना घरात!"

"मशीन आहे, बेव! मशीन! बाबा नाहीत!" ती ओरडली.

"हे बघ," बेव हळू आवाजात म्हणाली, "नोर्दालचा रस्ता गुरुवारपासून बंद आहे. बर्फ काढायची गाडी आत्ता कुठं हायवेवर निघालीय. तिकडं जायला तिला संध्याकाळ होईल. मी निरोप देते, पुढं काढायला सांगते. पण जवळपास कोणी नाही का? हॉगनमंडळी?"

"ती ॲरिझोनाला गेलीत. मार्चमध्ये येतील."

"दुसरं कोणी? ज्याच्याकडे स्नोमोबाइल आहे असं?"

होता की. सिग्नेला तो पहिल्या क्षणापासून आठवत होता. पण मिलो क्रेब्सला फोन करायचा म्हणजे नाक मुठीत धरून, आणि रोस्टाडांच्या नाकाबद्दल त्या जिल्ह्यात कोणालाही विचारा. तिनं स्वतःला सांगितलं की दहा वाजू देत. दहाला मशीन फोन सोडेल, घंटा वाजेल, बाबा उचलतील आणि 'एवढं काय आभाळ कोसळलंय' म्हणून खेकसतील. मग मिलोची गरजच नाही. माणूस घाबरला की असा शहाणपणा करतो. ती घड्याळासमोर खुर्ची घेऊन बसली, कॉफीवर साय धरली, आणि खिडकीबाहेर इतकं लख्ख ऊन पडलं होतं की बर्फाकडे बघवेना.

दहा वाजले. तिनं नंबर फिरवला.

या वेळी शिट्टी आली नाही. घंटा वाजायला लागली. बाबांच्या स्वयंपाकघरात, भिंतीवर, आईच्या ताटल्यांच्या मांडणीशेजारी जो हिरवा फोन होता तो वाजत होता, आणि ती तो वाजताना इथून बघत होती. एकदा. दोनदा. बाबांना गुडघ्यामुळे वेळ लागतो. सहा वेळा. दहा वेळा. गोठ्यात असतील. गुरं तर त्यांनी विकून टाकली होती. घंटा वाजतच राहिली. मघाशी शिट्टी ऐकून ती घाबरली होती, आता तीच शिट्टी परत यावी असं तिला वाटलं. शिट्टीमागे काहीतरी आशा तरी होती. या घंटेमागे नुसतं रिकामं घर होतं, नाहीतर त्याहून वाईट काही.

तिनं फोन ठेवला आणि मिलोचा फिरवला. नाकाबिकाचा विचार आता कुठल्या कुठे गेला होता.

"क्रेब्स."

"मिलोकाका, मी सिग्ने."

"कोण सिग्ने?" हे मुद्दाम होतं.

"काका, बाबांना काहीतरी झालंय."

पलीकडचा आवाज एकदम बदलला. "काय झालं?"

तिनं सांगितलं. तारखेचं, घंटेचं. मिलोनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "मी काल दुपारीच लिहिलं होतं त्याला."

"काय?"

"परवा रात्री वीज आली. सगळ्यांच्या अंगणातले दिवे लागले, हॅल्वरचा नाही लागला. काल सकाळी मी फोन केला तर तुझी ती शिट्टी. म्हटलं, मशीन चालू आहे म्हणजे म्हातारा ठीक आहे, दिव्याचा बल्ब गेला असेल. तरी मन राहिना, म्हणून लिहिलं. 'हॅल्वर, दिवा का नाही? आहेस ना?' एवढंच. तुझ्या वाटेनं पाठवलं. अजून तुझ्यापाशी असेल ते, नाहीतर आज सकाळी गेलं असेल."

आज सकाळीच गेलं होतं. नऊ वाजता, शिट्टी वाजली तेव्हा, तिच्या मशीननं तो प्रश्न चार मैलांवरून शंभर मैल फिरवून बाबांच्या मशीनच्या पोटात नेऊन टाकला होता. कोणी वाचायला नसलेल्या घरात. तिच्या हातून रोज हजार माणसांचं बोलणं जायचं, त्यातलं ती काय काय वाचणार? तिनं त्यातून वाट काढून दिली, एवढाच तिचा अभिमान होता.

"काका..."

"रडतेस काय? तोंड धुऊन घे. मी निघालो." फोन आपटला गेला.

आता वाट बघायची. चार मैल, पण कुंपणं बर्फात बुडालेली, ओढ्यावर बर्फाचे ढीग, आणि मिलो काही तरणाबांड नव्हता. तिला नवीच भीती शिरली की आपण दुसऱ्या म्हाताऱ्यालाही घालवून बसणार. फोन मोकळा असायला हवा म्हणून तिनं आधी एक काम केलं. कोपऱ्यातल्या मशीनचा प्लग ओढून काढला. अख्ख्या इलाख्याचं बोलणं तुंबलं. तुंबू दे. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिनं ते मशीन बंद केलं होतं, आणि त्याचा पंखा थांबल्यावर घर किती गप्प आहे हे तिला कळलं.

ती खिडकी ते फोन अशा येरझाऱ्या घालत होती. देवाचं नाव घ्यावं म्हणून तिनं हात जोडले तर लहानपणची जेवणाआधीची प्रार्थना तेवढी आठवली. तीच म्हटली.

अकराला फोन वाजला. तिनं झडप घातली.

"काका!"

कोणी नाही. नुसता पोकळ आवाज, मग एक बारीकसा सूर. मशीन! तिनं ठेवला. ठेवताक्षणी पुन्हा वाजला. उचलला. पुन्हा सूर. ठेवला. पुन्हा.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शनिवार. वादळामुळे ज्यांचं पहाटेचं मिनिट हुकलं, त्यांनी शनिवारी अकरापासून फोन लावायचा, दिवसभर दर उतरलेले असतात. आणि लागेपर्यंत लावत राहायचा, माघार घ्यायची नाही. नियम तिचा. तळघरात तिनं बोट नाचवून सांगितलं होतं, 'मशीनला कंटाळा येत नाही, मंडळी!' आता वीज गेलेल्या, रांग चुकलेल्या सगळ्या गावांची मशीनं, एकेक करून, न कंटाळता, तिच्या दारावर धडका देत होती. आणि त्यांच्यात कुठंतरी मिलो असेल. बाबांच्या घरातला तो हिरवा फोन हातात घेऊन, काहीतरी भयंकर सांगायला, आणि त्याला नुसतं व्यग्र असल्याचं टुकटुक ऐकू येत असेल.

"बंद व्हा! बंद व्हा गं बायांनो!" ती फोनमध्ये ओरडली. त्यांना काय कळणार?

दोन घंटांच्या मधल्या फटीत तिनं नोर्दालचा नंबर फिरवला. व्यग्र. म्हणजे तिकडं कोणीतरी फोन वापरतंय! मिलो पोचला! पण वापरतंय म्हणजे कोणाला लावतंय? मलाच. तो मला लावतोय, मी त्याला लावतेय, आणि दोघांनाही टुकटुक. तिनं घाईनं ठेवला. ठेवला तसा वाजला. सूर. ती तो सूर कान देऊन ऐकत राहिली. हे कोणाचं मशीन? ब्रेकनचं? पश्चिमेचं? सगळी एकाच गळ्यानं बोलतात, माणसाच्या कानाला काही फरक कळत नाही.

मशीनला कळतो.

ती धावत कोपऱ्यात गेली आणि प्लग घातला. भलताच जुगार होता हा. मिलो हातानं फोन लावत असेल, तर आता त्याच्या कानात तिची शिट्टी वाजणार होती आणि बातमी सांगायला तो कोणाला शोधणार होता? पण रांग संपवायची तर या धटिंगणांना एकेकाला आत घेऊन वाटेला लावण्यावाचून इलाज नव्हता. मशीननं पंखा फिरवला, स्वतःला नवजात समजलं, आणि थांबून विचारलं, आज तारीख काय? स्वतःच्या मशीनमधून तो प्रश्न तिनं कधी काढलाच नव्हता. स्वतःच्या उठण्यावर तिचा भरवसा होता. तिनं तारीख घातली.

पहिला फोन पश्चिमेच्या केंद्राचा. तीन दिवसांचं बोलणं, संपता संपेना. पडद्यावर आकडे सरकत होते आणि ती टेबलाची कड धरून उभी होती. दुसरा कोणा सिगुर्डचा. त्यात मासेमारीच्या गप्पा. देवा, मासेमारी! तिसरा.

हॅल्वर रोस्टाड, नोर्दाल.

तिची नजर आपोआप वरच्या ओळीवर गेली. आजची तारीख होती. बरोबर साल, बरोबर महिना, बरोबर दिवस. कोणाच्या तरी बोटांनी ती घातली होती. कोणाच्या? मिलोच्या, अर्थातच मिलोच्या, बाबा असते तर फोनवर बोलले असते. तिनं गाठोडं उघडायचं बटण दाबलं आणि डोळे मिटले. मग उघडले, कारण मिटून वाचता येत नाही.

'सिग्ने. नंबर लागेना. शिट्टी तरी लागेल म्हणून मशीनला लावलं कामाला, मी इकडं त्याच्याजवळ बसतो. जिवंत आहे. गुरुवारी वीज गेली तेव्हा कंदील आणायला तळघरात उतरला आणि शेवटच्या पायऱ्यांवरून गेला. खुबा मोडलाय असं मला वाटतं. घर तापवायच्या भट्टीजवळ सरपटत गेला आणि बटाट्याची पोती अंगावर घेऊन पडून राहिला. तुझ्या आईनं भरून ठेवलेल्या पीचच्या बरण्या होत्या, त्यातल्या दोन बुटानं फोडून खाल्ल्या. वरती फोन वाजलेला सगळा ऐकू येत होता म्हणतो. शेरिफला आधी कळवलंय, गाडी निघाली. त्याला थंडी आहे पण शिव्या चालू आहेत. मी लिहायला बसलो तर खालून ओरडतो, आधी तारीख नीट घाल, पोरगी घाबरेल. मिलो.'

सिग्ने जमिनीवर बसली आणि मोठमोठ्यानं रडली. मागे मशीन चौथा फोन उचलत होतं.

हॅल्वर इस्टरला इस्पितळातून घरी आला, हातात चार पायांची काठी घेऊन. त्याच आठवड्यात इलाख्यातल्या सगळ्यांना एकेक विनोद दोनदा यायला लागला. काहींनी तक्रार केली. सिग्नेनं कळवलं की नोर्दाल आणि क्रेब्स यांच्यातली वाट पुन्हा उघडली आहे, आणि ज्यांना दोनदा हसायचं नसेल त्यांनी एकदाच हसावं. दुसरं काम तिनं कोणाला सांगितलं नाही. वडिलांच्या मशीनमध्ये काढून टाकलेला तो प्रश्न तिनं परत घातला.

मे महिन्यात एका रात्री गडगडाट झाला आणि नोर्दालची वीज गेली. सकाळी सहा वाजून गेले, हॅल्वरचं मिनिट आलं आणि गेलं. सिग्नेचं मशीन गप्प. मागची रांग खोळंबली. सिग्ने रात्रीच्या कपड्यांतच स्वयंपाकघरात उभी होती. सव्वासहा. तिनं फोनकडे हात नेला आणि तेवढ्यात तो वाजला. मशीनच्या आधी तिनंच उचलला.

"थांब गं जरा," हॅल्वर रोस्टाड म्हणाला, "चष्मा सापडत नाहीये. आज तारीख काय?"